करंजवाडीचा कोट

मावळात लोक हवा खायला जातात. मी गेलो तो एक कोट सैल करायला. हवा वर मिळाली.

लढाईचे दिवस होते. कापड रेशनवर. रांगेत उभं राहून जे कापड हाती यायचं, त्याचा सदरा शिवला तर आतला माणूस बाहेरून ओळखता यायचा. गिऱ्हाइकाकडेच कापड नाही म्हटल्यावर आमच्या पेठेतले झाडून सगळे शिंपी लष्कराच्या कंत्राटदाराकडे खाकी विजारी शिवायला लागले. मीही लागलो. इतक्या विजारी शिवल्या, की बायकोनं ताटात वाढलेलं वरण मला खाकी दिसायला लागलं. तिनं डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरचा कोटसुद्धा खाकी दिसला तेव्हा ती रडायच्या बेतात आली. पण तो खरोखरच खाकी होता. डॉक्टर पलटणीत भरती झाला होता.

अशात एका दुपारी दुकानात अंधार पडला. मला वाटलं दृष्टी गेलीच. मान वर केली तर दारात एक माणूस उभा होता आणि दाराला आणखी कुणासाठी जागा नव्हती.

"मास्तर, जरा भाईर येता का? म्या आत आलो तर तुमचं मशिन भाईर जाईल."

हा धोंडू पैलवान. राहणार मळवलीजवळची करंजवाडी, मुक्काम पुण्याच्या तालमीत. आवाज मात्र चिमणीचा.

"माजं लगीन हाय. कोट हाय, पन म्या त्येच्यात मावत न्हाई."

"मग नवा शिवू. कापड आणा."

"नवा न्हाई चालत. त्योच पायजे."

"कुणाचा आहे तो?"

"गावाचा."

"गावाला शिंपी नाही?"

"हाय की. डोळ्यांत मोतीबिंदू हाय. मागल्या लग्नाला त्येनं बाही खिशाला जोडली."

खाकीखेरीज दुसऱ्या रंगाचं काम म्हटल्यावर मी दर न विचारता हो म्हणालो. हातमशीन, कोळशाची इस्त्री, कात्री आणि पानाची चंची एवढा संसार घेऊन निघालो. लढाईत सुपारी सोन्यासारखी झालेली. चंचीत एकच अख्खी उरली होती, ती परतीच्या प्रवासातल्या पानासाठी जपायची असं ठरवलं. बायकोनं आंबेमोहर तांदूळ आणायला सांगितला आणि लवकर या असं सांगितलं नाही.

लोणावळा (चुकून)

उतरायचं होतं मळवलीला. पण डब्यात समोर एक गृहस्थ बसले होते आणि त्यांनी माझा धंदा विचारण्याची चूक केली. एका संस्थानिकाच्या हत्तीला मी अंगरखा शिवला होता, ती हकिगत त्यांना सांगायला घेतली. हत्तीचं माप घेताना आधी कान संपवावे लागतात. मी सोंडेपर्यंत आलो तोवर मळवली मागे गेली होती. गृहस्थांनी ते पाहिलं होतं, पण सोंडेचं काय केलंत हे ऐकायचं म्हणून बोलले नाहीत.

लोणावळ्याला फलाटावर गोऱ्या सोल्जरांची गर्दी होती. त्यांतल्या एकाची विजार मला ओळखीची वाटली. डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर आखूड, म्हणजे आमच्याच कंत्राटदाराची. जवळ जाऊन वाकून टीप पाहिली. टीप माझी! परमुलखात पोटचं पोर भेटावं तसं झालं. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "धिस पँट माय!" त्यानं दोन्ही हातांनी कमरेचा पट्टा गच्च धरला आणि झपाझप निघून गेला. माझ्या कारागिरीला गोऱ्या माणसाकडून मिळालेली ती पहिली दाद.

परतीची गाडी येईपर्यंत गूळदाणी घेतली. लोणावळ्याची गूळदाणी फोडायला घाटातला सुरुंग लागतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मळवलीला उतरलो तेव्हा माझ्याकडे अर्धा दिवस कमी होता आणि एक दाढ.

ठेसनाबाहेर बैलगाडी उभी होती. बैल बसलेले. गाडीत एक म्हातारा पूर्वेकडे तोंड करून आणि एक म्हातारी पश्चिमेकडे तोंड करून बसली होती.

"म्या म्हनलं हुतं, शिंपी दुपारच्या गाडीनं येतोय."

"दुपारच्या न्हाई, सकाळच्या. सकाळच्या गाडीनं आला आन माघारी गेला."

"माघारी का म्हून जाईल?"

"तुजं त्वांड बघितलं आसंल."

मी पुढे होऊन म्हणालो, "मीच शिंपी."

म्हाताऱ्यानं हात वर केला. "दम धरा, मास्तर. आमचं हुईपतुर बसा तितं."

हे सखारामआबा आणि ही भागूमावशी. धोंडूनं मला आणायला गाडी घेऊन आबांना पाठवलं, आणि आबा एकटे गेले तर भलताच माणूस आणतील म्हणून मावशी आली. मी अर्धा दिवस उशिरा आलो हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. भांडण सकाळपासून चालू होतं आणि अजून रंगात आलं नव्हतं.

वाटेत भातखाचरं कोरडी पडलेली, मधूनमधून रोपांसाठी राब जाळल्याचे काळे डाग. या भागातल्या शेताचा एक बांध सरळ असेल तर शपथ. ज्यानं कुणी ही खाचरं बेतली त्यानं खडू न मारताच कात्री चालवली. वर किल्ल्याचा डोंगर, तो मात्र कॉलरीसारखा ताठ. करवंदांच्या जाळ्या इतक्या लगडलेल्या की बैल चालता चालता खात होते आणि त्यांची तोंडं पान खाल्ल्यासारखी जांभळी झाली होती. पुण्यात एवढ्या करवंदांवर दोन भाऊबंद कोर्टात गेले असते.

करंजवाडी, कोटाचं दर्शन

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांच्या ओसरीवर कोट बाहेर आला. दोन गड्यांनी धरून आणला. मला वाटलं मानाखातर. हातात घेतल्यावर कळलं, वजनाखातर.

काळ्या लोकरी बनातीचा, पितळी बटणांचा जुना इंग्रजी कोट. पाटलांच्या आज्याला घाटातल्या रेल्वेच्या कामावरच्या एका साहेबानं तो दिला. साहेबाला वाघापासून वाचवलं म्हणून, असं पाटील म्हणाले. आबा म्हणाले, वाघाला साहेबापासून. ते असो. तेव्हापासून करंजवाडीचा प्रत्येक नवरदेव याच कोटात बोहल्यावर उभा राहिला. किडकिडीत असेल तर कोट आत घ्यायचा, अंगानं भरलेला असेल तर सोडायचा.

शिवणीच्या पोटात जे जादा कापड दुमडून ठेवतात त्याला आम्ही शिंपी माया म्हणतो. कोट मोठा करायचा म्हणजे शिवण उसवून ती माया बाहेर काढायची. बाहेरचं कापड जोडायचा प्रश्न नव्हता. काळी बनात रेशनवर सोडा, राजवाड्यातही शिल्लक नसेल. पिशवीत खाकी तुकडा होता, तो मी दाखवून पाहिला.

"नवरदेव हाय का हवालदार?" खांबाआडून एक बाई म्हणाली. ही नवरीची आई, परंदवडीहून मुद्दाम कोट बघायला आली होती. नवरी दिसायच्या आधी विहीण दिसते, तशी ती दिसली.

मग माया बघायला मी कोटाच्या आत हात घातला आणि थांबलो. बोटाला गुठळी लागली. पुढे सरकलो, दुसरी गुठळी. बगलेत, कुशीत, खिशाच्या मागे, बाहीच्या मुंढ्यात, जिथे शिवण तिथे गुठळी. कोट हलवला तर आत खडखड वाजलं.

"हे काय आहे?"

"गाठी," पाटील म्हणाले. "वाडीतल्या समद्यांची लग्नं हायती त्येच्यात."

पाटलांनी समजावून सांगितलं ते असं. लग्न झालं की कोट पेटीत जाण्याआधी सुपारी आणि हळकुंड पिवळ्या फडक्यात बांधून त्याच्या एका शिवणीत घालतात. त्या शिवणीवर त्या जोडप्याचा हक्क. दोघांतलं एक वारलं की गाठ काढून इंद्रायणीत सोडायची. तोवर तिला हात लावायचा नाही. गाठ शिवणीत असेपर्यंत नवऱ्यानं बायको टाकायची नाही आणि बायकोनं माहेरी पळायचं नाही. गाठ निघाली की बाई मोकळी. मागे एकदा उंदरानं एक गाठ कुरतडून नेली, तर त्या घरची सून तिसऱ्या दिवशी गेली ती आलीच नाही. तिची सासू तिला चटके द्यायची असं मावशी म्हणाली, पण गावानं श्रेय उंदराला दिलं होतं.

परंदवडीची विहीण या गाठींच्या भरवशावरच तर आली होती. "मास्तर, माज्या थोरलीला नवऱ्यानं टाकली. दोन लेकरं घिऊन दारात बसलीया माज्या. तिच्या लग्नाला असला कोट नव्हता. हितल्या नवऱ्यानं बायकू टाकल्याली आजवर ऐकली न्हाई, म्हून येसूला हितं देती. कोट अंगात आला तर लगीन. न्हाई आला तर पोरगी माघारी. मांडव उद्याच हाय."

धोंडू बिचारा भिंतीशी अंग चोरून उभा होता, म्हणजे भिंतीच्या एका बाजूनं तरी दिसत होता. कोटात मावावं म्हणून त्यानं महिनाभर दूध सोडलं होतं. म्हशीला ते इतकं लागलं की तीच वाळली. हा जसाच्या तसा.

"घाल रे," मी म्हणालो. त्यानं कोट घातला. बटण आणि काज यांच्यामध्ये एवढं अंतर राहिलं की दोघांची उभ्या जन्मात गाठ पडण्याची शक्यता नव्हती.

त्याच दिवशी, कात्रीसमोर

पुण्यात गिऱ्हाईक समोर बसतं ते शिंपी कापड चोरेल म्हणून. इथे कापडाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. वाडीतली सगळी लग्न झालेली माणसं जोडीजोडीनं ओसरीवर येऊन बसली आणि आपापल्या शिवणीवर डोळे लावले. मी कात्री उचलली.

"मास्तर, डावी बगल आमची हाय."

कात्री खाली सरकवली.

"तितं आमची. लगीन कालपरवाचं हाय, अजून टाका वला हाय."

कॉलरीकडे वळलो तर पाटलीणबाई नुसत्या खाकरल्या. कॉलर पाटलांची होती.

मी सांगून पाहिलं की गाठ काढतो, कोट सोडतो आणि गाठ परत जागच्या जागी घालतो. कुणी ऐकेना. "आन तेवढ्या वेळात ही गेली तर?" एक जण म्हणाला. त्याच्या बायकोनं डोंगराकडे असं पाहिलं, की मलाही तीच शंका आली.

तास गेला, दुसरा गेला. विहीण उठून लुगडं झटकायला लागली. धोंडूची आई तोंडाला पदर लावून बसली. धोंडू कोट काढायला लागला, आणि एवढा मोठा माणूस कोट काढताना लहान कसा होत जातो ते मी त्या दिवशी पाहिलं.

"आमची उसवा," मागून कुणी म्हणालं.

भागूमावशी होती. पाठीची मधली शिवण, कॉलरीपासून कमरेपर्यंत, आबा आणि तिची. हयात जोडप्यांत सगळ्यांत जुनी म्हणून सगळ्यांत मोठी. सगळी माया तिथेच होती.

"तिला काय इचारता?" आबा उसळले. "माजी शिवन न्हाई व्हय? मला इचारा, कबूल हाय का."

"आबा, कबूल आहे का?"

"हाय."

ही दोघं एका गोष्टीवर एक झालेली वाडीनं कधी पाहिली नव्हती. पाटलांनी हळूच देवाला हात जोडले.

"ह्यो वाढला माज्या शेळीच्या दुधावर," मावशी धोंडूकडे बोट करून म्हणाली. "आईला दूध न्हवतं ह्येच्या. आमाला पोर ना बाळ, रोज तांब्या भरून द्यायची म्या. माज्याच शेळीनं फुगीवला, तर उसवाया शिवन बी माजीच पायजे."

"शेळी दोघांची हाय," आबा म्हणाले. तेवढ्यानं लोकांना बरं वाटलं.

मी उसवायला बसलो. माझ्या आयुष्यात मी अनेक शिवणी उसवल्या, त्यांतली एक तर तोफेच्या खोळीची होती, पण असला बखिया पाहिला नाही. टाका तांदळाच्या दाण्याएवढा आणि पीळ असा की दोरा निघताना कण्हत होता. अखेर आतून माया निघाली, चांगली चार बोटं रुंद, इतकी वर्षं ऊन न लागल्यामुळे नव्यासारखी काळीभोर. आणि गाठ निघाली. फडकं विरलेलं, सुपारी खारकेसारखी सुकलेली. ती मी अक्षतांच्या ताटात ठेवली.

कच्चा धावदोरा घालून कोट धोंडूला चढवला. सगळी ओसरी उठून उभी राहिली. मी बटण धरलं, काज धरलं, "श्वास सोड" म्हणालो. त्यानं सोडला तशी पाटलांची पगडी उडाली. बटण बसलं!

काय तो गलका! पोरीबाळी नाचल्या, धोंडूच्या आईनं माझ्या मशीनवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. त्या गडबडीत माझी नजर ताटाकडे गेली. ताटावर मावशीची शेळी उभी होती. अक्षता संपल्या होत्या. फडकं संपलं होतं. जेवून उठलेल्या व्याह्यासारखी ती सावकाश जबडा हलवत होती आणि आत काहीतरी कडक फुटत होतं.

आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांचे डोळे कोटावर. आबांचेही, मावशीचेही, असं तेव्हा मला वाटलं.

अशा वेळी माणसाची परीक्षा होते. मी चंचीत हात घातला, परतीसाठी जपलेली अख्खी सुपारी काढली, धोंडूच्या आईकडून ओटीला म्हणून हळकुंड मागून घेतलं, पिवळं फडकं गुंडाळलं, पक्क्या टिपेसाठी म्हणून कोट उतरवून घेतला आणि "बघा, जागच्या जागी घालतो आहे" असं मोठ्यानं म्हणत नव्या शिवणीत घालून पक्की टीप मारली. शेळी माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

लग्न

लग्न गोरज मुहूर्तावर. अंतरपाट धरण्याआधी विहिणीनं नवरदेवाच्या पाठीवरून तळवा फिरवला, घोडा विकत घेताना फिरवतात तसा.

"पक्की हाय?"

"ही शिवण फाटली तर मी पुण्याला जात नाही," मी म्हणालो. "इथंच भात लावतो."

अक्षता पडल्या, पण खरी धास्ती पुढेच होती. नवरदेवाला थोरामोठ्यांच्या पाया पडायचं होतं. धोंडू पहिल्यांदा वाकला तेव्हा कोटातून घाटात इंजिन चढतं तसा आवाज आला. ताशेवाला वाजवायचा थांबला. धोंडू एकेकाच्या पाया पडत गेला आणि वाडीच्या वाडी श्वास धरून बसली. शेवटी आबा आणि मावशी. दोघांच्या पाया एकदमच पडावं म्हणून तो खाली वाकला, वाकतच राहिला, आणि शिवण ताणली, ताणली आणि राहिली. मावशीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, अगदी नेमका गाठीवर. तेव्हा मला ते आशीर्वादासारखं वाटलं.

पंगतीला आंबेमोहर भात, वाटाण्याची आमटी आणि गुळाची लापशी. आमटी एवढी जाळ की पानावरची लापशी आपण होऊन लांब सरकत होती. माझ्या पानावर आग्रह करायला अख्खी परंदवडी लोटली. पुण्यात आग्रह करतात तेव्हा पातेलं मागे धरून करतात, इथे पातेलंच पानात उलथं करतात. मी किती खाल्लं ते सांगत नाही. माझ्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

निघायचा दिवस

सकाळी उठलो तर वाडी आबांच्या दारात जमलेली. मी पाटलांना विचारलं, "कोण गेलं?"

"तेच बघतोय," पाटील कुजबुजले. "भांडन ऐकू येईना."

आबांच्या घरचं भांडण हे करंजवाडीचं घड्याळ. त्यावर माणसं उठायची, गुरं सुटायची. आज सूर्य वर आला तरी गुरं गोठ्यातच होती. तेवढ्यात दार उघडलं आणि आबा बाहेर आले. हातात तापल्या पाण्याचं घंगाळ. ते त्यांनी मोरीत नेऊन ठेवलं आणि आत तोंड करून म्हणाले, "उठतीस का? पानी निवल."

आतून मावशी म्हणाली, "उठते. तुमी आदी च्या घ्या."

पाटील माझ्याकडे वळले. "मास्तर, खरं सांगा. काय घातलंत त्या शिवनीत?"

मी म्हणालो, "पुण्याची टीप आहे ती." झालं! पाटलीणबाई म्हणाल्या, आमची कॉलर आत्ताच्या आत्ता उसवा. डावी बगल म्हणाली, आधी आम्ही. परवा हात लावू देत नव्हते ते आज रांगेत उभे राहिले. मी सुई मोडली असं सांगितलं आणि तोंड धुवायला विहिरीवर पळालो.

विहिरीवर आबांनी गाठलं.

"मास्तर, शेळीनं खाल्ली. म्या बघितली."

माझ्या तोंडात राखुंडी होती, ती तशीच राहिली.

"म्हातारीला सांगू नगा. गाठ निघाली की बाई मोकळी. तिला कळलं तर जाईल की हो. इतकी वरसं म्या तिला एक गोड शबुद बोललो न्हाई, जानार न्हाई म्हायती हुतं म्हून. रातभर झोप न्हाई. म्हून पानी तापीवलं. उद्या चूल बी पेटीवतो."

मी शब्द दिला. परत आलो तर गोठ्याच्या कुडाआडून मावशीनं हाक मारली. तिच्या शेजारी शेळी बांधलेली. नवी नवरी येसू पाया पडायला आलेली, ती दाराशी उभी होती.

"शेळीचं पोट दुखलं न्हाई, मास्तर," मावशी म्हणाली.

"का दुखावं?"

"सुपारी, हळकुंड, फडकं. माजी शेळी. म्या न्हाई बघायची तर कोन बघनार?"

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?"

"बोलते कशाला? राती लग्नातनं आले आन बोचकं बांधलं. लुगडं, चोळी, माज्या आयची दुधाची कासंडी. दारापतुर गेले. मग म्हनलं, उद्या जाऊ. मग म्हनलं, उद्याच कशाला? आता कवाबी जाता येतंय. गाठ हुती तवर जाता येत न्हवतं, म्हून तर भांडत हुते. आता कसली घाई?" तिनं शेळीच्या कानामागे खाजवलं. "ह्येंला सांगू नगा. जीव घाबरा हुईल म्हाताऱ्याचा."

मी पुन्हा शब्द दिला. एका सकाळी एकच गुपित दोघांना एकमेकांपासून राखायचं वचन देणारा शिंपी माझ्याआधी झाला नसेल.

आता एकच काम उरलं होतं, धोंडू आणि येसूची गाठ. जागा मिळाली मधल्या शिवणीच्या शेजारीच, कमरेपाशी. ओसरीवर मशीन मांडलं. समोर विहीण बसली, नजर सुईच्या टोकावर. "दुहेरी टीप घाला मास्तर. तिहेरी घाला. थोरलीवानी व्हाया नगो."

येसू गाठ घेऊन आली. ठेंगणी, पैलवानाच्या कोपराला लागेल एवढी. गाठ माझ्या हातात देताना वाकली आणि ओठ न हलवता म्हणाली, "मामा, माजी कच्च्या टाक्यात घाला."

"तुझी आई बघते आहे."

"म्हून तर हळू बोलती."

"का गं? निघून जायचंय का?"

"न्हाई," ती म्हणाली. "ऱ्हायचंय."

मी मशीनचा दांडा असा जोरात फिरवला की वाडीत भात सडतात असं वाटावं. अस्तराच्या कडेला एक टीप, तिच्यावर दुसरी, तिसरी. विहिणीनं पुढे येऊन दोन्ही हातांनी ती ओढून पाहिली, दातानंही पाहिली. "पक्की हाय," ती म्हणाली, आणि वाडीत आल्यापासून पहिल्यांदा भिंतीला टेकून बसली. आत गाठ एका धावदोऱ्यावर होती. दोऱ्याचं एक टोक मी मोकळं सोडलं होतं, येसूच्या बोटाला सापडेल इतपत. जाणूनबुजून कच्चं काम करून मी गिऱ्हाइकाच्या हाती दिलेला तो एवढाच कपडा. त्याची तक्रार अजून आलेली नाही.

मळवलीपर्यंत गाडीत आबा आणि मावशी दोघंही पोचवायला आली. दोघंही पुढे तोंड करून बसली होती. "ऊन लागतंय का?" आबा म्हणाले. "न्हाई, तुमाला?" मावशी म्हणाली. बैल दोनदा थांबून मागे वळून पाहत होते.

गाडीत बसलो. मांडीवर आंबेमोहराची पिशवी, समोर एक गृहस्थ. त्यांनी धंदा विचारला. मी म्हणालो, खाकी विजारी शिवतो, आणि गप्प बसलो. कारण कधी नव्हे ती माझ्याकडे खरी गोष्ट होती आणि ती त्यांना पटली नसती.

चंची उघडली. धोंडूच्या आईनं पानं बांधून दिली होती. चुना होता, कात होता. सुपारी नव्हती. सुपारीवाचून पान रंगत नाही असं मी आजवर समजत आलो होतो.

तसंच खाल्लं. रंगलं.